नदी म्हटलं की काय दिसतं

आमचे आबा फौजेतून पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक होल्डॉल आणि एक शब्द आला. तो शब्द होता बर्फ. चार माणसं ओट्यावर टेकली की आबा हळूच बर्फावर यायचे. कमरेएवढा बर्फ, तंबूवर बर्फ, मिशांत बर्फ. ऐकणारे तोंडं उघडी टाकून ऐकायचे, आणि मी आईच्या लुगड्याआडून ऐकायचे. आमच्या गावात बर्फ यायचा तो फक्त जत्रेत, भुशात गुंडाळलेली लादी होऊन. गाडीवाला ती खिसायचा, काडीवर त्याचा गोळा थापायचा आणि वर लाल नाहीतर पिवळं गोड पाणी ओतायचा. त्यामुळं आबा “बर्फात म्हैने काढले गड्या” असं म्हणायचे, तेव्हा मला ते त्या लाल-पिवळ्या बर्फात मांडी घालून बसलेले दिसायचे. एवढं गोडधोड दिवसरात्र समोर असताना माणूस खंगून घरी येतो कसा, याचं मला खरंच नवल वाटायचं.

एकदा मी ते बोलून दाखवलं. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वाटलं, आता खरा बर्फ कसा असतो ते समजावून सांगतील, पण त्यांनी तसलं काही केलं नाही. म्हणाले, “शब्द म्हंजे फौजेतला होल्डॉल असतोय शके. भाईरनं सगळ्यांचा सारखाच. आत काय हाय ते ज्यानं बांधला त्यालाच ठावं. तुझा बर्फ ऱ्हाऊ दे तसाच, माज्यापरास बरा हाय.” आता माझ्या नाती फोनवर हिमालयाचे फोटो दाखवतात आणि “आजी, हा बघ बर्फ” म्हणतात. मी बघते, छान आहे म्हणते. पण खोटं कशाला बोलू, बर्फ म्हटलं की अजूनही मला आधी जत्रेतली ती गाडीच दिसते.

आमचं गाव विट्याजवळ, माळावरचं. घर माळवदाचं, म्हणजे वर कौलं नाहीत, पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर. त्यावर चढून शेंगा वाळवायच्या, मिरच्या पसरायच्या, आणि दिवस कलला की नुसतं बसायचं. सकाळ व्हायची ती आईच्या भाकरीच्या आवाजानं. परातीत पीठ मळल्याचा घसघस आवाज, मग थाप थाप थाप, मग तव्यावर भाकरी टाकल्याचा चर्र. त्या आवाजाशिवाय मला जाग यायची नाही. खायला ज्वारी-बाजरी, हुलग्याचं माडगं, मटकीची आमटी, शेंगदाण्याची चटणी. तांदूळ सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. पोराला नुसता भात घातला तर शेजारीण भिंतीवरून विचारायची, “का गं, ताप हाय व्हय त्येला?”

माझा थोरला भाऊ संपत, त्याला मी दादा म्हणायचे. तो मिसरूड फुटायच्या आधीच मलबारात गेला होता. आमच्या भागातले निम्मे पुरुष असेच कुठं कुठं गेलेले असतात, गलाईच्या धंद्याला. गलाई म्हणजे सोनं-चांदी मुशीत घालून भट्टीवर वितळवायची आणि शुद्ध करायची. दादा ज्यांच्या दुकानात हे काम शिकला ते आमच्याच शेजारगावचे, पण बायकोसकट तिकडं जाऊन कायमचे राहिलेले. त्यांनीच पुढं त्याला जावई करून घेतला. लग्न गावी झालं, दादा हळद उतरायच्या आत दुकानावर परत गेला, आणि सुलूवहिनी आमच्या घरी राहिली. नव्या सुनेनं पहिलं वर्ष सासरी काढायचं, सासूच्या हाताखाली घर शिकायचं, ही रीत. रीत कुणी केली ते ठाऊक नाही, पण करणाराला मलबार माहीत नसणार.

वहिनी दिसायला अगदी आमच्यातलीच. केस मात्र गुडघ्याला टेकायला आलेले, आणि त्यांना खोबरेल तेलाचा वास. तिचा जन्म तिकडचा, शाळा तिकडची, मैत्रिणी तिकडच्या. मराठी येत होती, ती आईबापाच्या तोंडून घरात ऐकलेली. ये, जा, जेव, झोप, गप बस, पदर घे. दोन खोल्यांत मावेल एवढीच मराठी होती ती. ओटा ओलांडून बाहेर पडलं की तिच्याजवळचे शब्द संपायचे. बायका तिला मुकी म्हणायला लागल्या होत्या. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की आईनं पाठ करून घेतलेला एकच उखाणा ती शाळेतल्या कवितेसारखा म्हणून टाकायची, आणि बायका एकमेकींकडं बघून ओठ दाबायच्या. मला त्या बायकांचा मनस्वी राग यायचा. मला वहिनी फार आवडायची. घरात मला बहीण नव्हती, आणि ही आयतीच आली होती.

मग उन्हाळ्यात दादा चार दिवस येऊन गेला, वहिनीला दिवस गेले, आणि घरातला आनंद महिन्याभरात काळजीत बुडाला. तिच्या पोटात अन्न ठरेना. आधीच तिला भाकरी जड जात होती, आता करडईच्या तेलाची फोडणी चढली की ती तोंडाला पदर लावून परसात पळायची. आईनं काय केलं नाही? सणाचा तांदूळ काढला, धिरडी केली, गव्हाची खीर केली, विट्यासनं लिंबं आणली. डोहाळे विचारून विचारून आईचं तोंड दुखलं. “काय खावंसं वाटतंय ते सांग बाळा, न्हाई म्हणू नगंस.” वहिनी मान हलवायची आणि म्हणायची, “काय नको, आत्याबाई.” सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे. पाचव्या महिन्यात विट्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आईला बाजूला घेऊन बजावलं, की पोरगी खात नाही, पोटातलं वाढत नाही, असंच चाललं तर दोघांचंही खरं नाही. माहेरी पाठवायची सोय नव्हती, इतक्या लांबचा आगगाडीचा प्रवास नकोच म्हणाले. घरी आल्यावर आई चुलीपुढं बसून रडली. परमुलखातली पोर माझ्या दारात सुकली तर तिच्या आईला काय तोंड दाखवू, असं ती आबांना म्हणत होती.

गणपती होऊन गेले होते. माळवदावर शेंगा वाळत घातल्या होत्या आणि त्यांची राखण मी आणि वहिनी करत होतो. राखण कसली, कावळे हाकायचे आणि गप्पा मारायच्या, म्हणजे मी मारायच्या. त्या दिवशी मी तिला आबांच्या बर्फाची गोष्ट सांगितली. लाल-पिवळ्या बर्फात बसलेले मामंजी ऐकून ती जराशी हसली. मग तिनं विचारलं, “शकू, नदी म्हटलं की तुला काय दिसतं?”

मला विचार करावा लागलाच नाही. आमच्या येरळेची पांढरी वाळू, तीत खणलेला झरा, काठाला गुडघे टेकून वाटीवाटीनं घागर भरणारी आई, आणि घागरीच्या तोंडाला बांधलेलं फडकं. मी ते सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली की लहानपणी तिचे वडील सारखे म्हणायचे, आपल्या गावाकडं नदी हाय. तिच्या घरापुढं पाणी वाहत होतं, पण त्याला ती पुळा म्हणायची. तेव्हा नदी म्हणजे त्याहून काहीतरी निराळं, फार मोठं, सोन्याबिन्याचं असणार असं तिला वाटत आलं. लग्न होऊन आली आणि कुणीतरी हात करून दाखवलं, ती बघ नदी. बघते तर वाळू. ती म्हणाली, “तवापासनं मला नदीत पाणी दिसतच न्हाई. तुम्ही बोलता ते समदं कळतं मला, शकू. पण शब्द येतो, मागनं काय येत न्हाई. रिकामा येतो. पुळा म्हटलं की कसं, समदं येतं.”

पुळा हा शब्द मला आजही नीट म्हणता येत नाही. तिचा तो शेवटचा आवाज ळ आणि य यांच्या मधे कुठंतरी जीभ वळवून निघायचा. मी म्हटलं, मग समदं म्हणजे काय काय येतं ते सांग की. आणि वहिनी बोलायला लागली. इतके महिने मुकी म्हटली गेलेली बाई, पण तिचे हातसुद्धा बोलत होते. पायऱ्यांपर्यंत भरलेलं हिरवं पाणी. त्यावर वाकलेले माड. सकाळी धुक्यातनं येणारी मासेवाल्याची हाळी. आणि वळ्ळम्, म्हणजे होडी, लांबच लांब, काळी, नारळाच्या सालीचे ढीग घेऊन जाणारी. शाळेत वळ्ळम्नं जायचं, लग्नाला वळ्ळम्नं जायचं, आणि दुपारी काही काम नसलं की घाटाला बांधलेल्या वळ्ळम्मधे नुसतं पडून राहायचं, पाणी खालनं हलवतंय ते अंगाला कळतं. मराठी शब्द संपला की ती त्यांचा शब्द घालायची, आणि गंमत म्हणजे मला सगळं समजत होतं. माझं लक्ष मात्र दुसरीकडंच गेलं होतं. पुळेच्या नादात वहिनीनं पुढ्यातल्या शेंगा फोडायला घेतल्या होत्या. फोडून खात होती. एकही दाणा उलटून पडला नाही.

मी शेंगांची रास हळूच तिच्याकडं सारली. जीव मुठीत धरून बसले. दुसऱ्या दिवशी मुद्दामच विचारलं, “घर म्हटलं की काय दिसतं?” ती म्हणाली, “घर म्हटलं की तुमचं घर दिसतं. वीडु म्हटलं की माझं.” एवढ्या साधेपणानं म्हणाली की मला एकदम रडूच आलं. पण मी ओच्यात लपवलेला गूळ पुढं सरकवला आणि म्हटलं, मग वीडु सांग. उतरत्या कौलांचं घर सांगता सांगता तिनं गूळ संपवला. असे आमचे चार-सहा दिवस गेले. मी शब्द टाकायचा, तिनं त्यांचा शब्द काढायचा, आणि ती बोलतेय तोवर तिच्या हातात काहीतरी सरकवायचं. तिला माझी लबाडी कळत होती की नाही, देव जाणे.

पण मूठभर शेंगांनी आणि गुळाच्या खड्यानं पोटुशी बाई किती तगणार? शेवटी मी आईला सगळं सांगून टाकलं. आई दळण पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं नीट ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळत गेला. होडी, पाणी, नदी, मासे. आईला त्या शब्दांतनं ना वहिनीचं गाव दिसलं, ना तिचं बालपण. तिला दिसलं ते एकच, आणि ते तिच्या मते उन्हासारखं लख्ख होतं.

“आगं माझे बाई, मग हे डोहाळंच की!” आई म्हणाली. “होडीतलं डोहाळजेवण पाहिजेल तिला. आन मी येडी लिंबं आणत बसली!”

डोहाळजेवण बागेतलं असतं, चांदण्यातलं असतं, तसं होडीतलंही असतं. बाईला सजवून होडीत बसवायचं आणि तिथं जेवू घालायचं. आता वहिनी होडीत बसवा असं काही म्हणाली नव्हती. ती फक्त तिला काय दिसतं ते सांगत होती. पण आमच्याकडं पोटुशीच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे मागणं, आणि ते पुरवलं नाही तर बाळाला बाधतं. आईनं ठरवलं म्हणजे ठरलं. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, आष्ट्याच्या पुढं कृष्णाकाठी दिली होती. तिथं नदीत पाणी होतं, ऊस होता, तांदूळ होता, मासे होते. आष्ट्याच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर आईनं निरोप धाडला, सूनबाईला होडीतलं डोहाळजेवण करायचं हाय, होडीचं बघून ठेव. उलट निरोप आला, होडीची काळजी करू नगंस, होडी घरचीच हाय.

मधले दिवस घरात होडीशिवाय विषय नव्हता, फक्त वहिनीला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. आबांच्या डोळ्यांपुढं फौजेतली होडी होती, सपाट बुडाची, जवानांनी खांद्यावरून न्यायची. मावशीच्या नवऱ्यानं असली होडी पैदा कशी केली, याचा त्यांना अचंबा वाटत होता. आईनं तमाशाच्या कनातीत एकदा पडदा पाहिला होता, त्यावर मोराच्या तोंडाची होडी रंगवलेली होती. तिची होडी ती. ती झेंडूच्या माळा करायला किती लांबीचा दोरा लागेल याचा हिशेब करत होती. आणि मी वहिनीची वळ्ळम् माझ्या परीनं बांधून ठेवली होती, काळीभोर, एसटीएवढी लांब. तिघांपैकी कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं, आणि तिघंही होडी एवढा एकच शब्द बोलून एकमेकांना माना डोलवत होतो.

आबा धरून आम्ही चौघं निघालो. विट्याहून सांगली, सांगलीहून आष्टा, आणि पुढं मावशीची बैलगाडी. एसटीत आईनं वहिनीला घोंगडीच्या घडीवर बसवलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या नावानं पुटपुटत होती. वहिनीला सांगितलं होतं की मावशीकडं हवापालट करायला चाललोय. दोन्ही बाजूंना उसाचे फड उभे राहिले तेव्हा तिनं मान वर केली. हिरवं बघून तिचे डोळे जरा जिवंत झाले असं मला वाटलं. गाडी नदीच्या उतारावर आली, आणि झाडी संपून एकदम पाणी दिसलं. पाऊसकाळ नुकताच सरला होता. कृष्णा दोन्ही काठ भरून, संथ, जराशी गढूळ, उन्हात चकाकत चालली होती. वहिनी कुणाच्या आधाराशिवाय गाडीतनं उतरली, घाटाच्या पायरीपाशी गेली आणि उभी राहिली.

“पुळा,” ती हळू म्हणाली.

“कृष्णामाई म्हणत्यात तिला,” आई तितक्याच हळू म्हणाली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून पाण्याकडं बघत होत्या, आणि मला वाटलं, इथंच सगळं काम झालं. पण तेवढ्यात मावशी पुढं आली आणि तिनं मोठ्या अभिमानानं हात केला. “आन ही बघा होडी.”

घाटाला बांधून ठेवली होती ती गूळ करायची काहील. गुऱ्हाळात उसाचा रस जिच्यात आटवतात ती, लोखंडाची, अंगणाएवढ्या तोंडाची, उथळ, गोल गरगरीत. गुऱ्हाळं सुरू व्हायला अजून अवकाश होता म्हणून घासूनपुसून ठेवलेली. मावशीनं तिच्या काठाला चारी बाजूंनी ऊस बांधून वर मांडव केला होता. झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. आत पेंढा, त्यावर घोंगडी, त्यावर तिच्या लग्नातला शालू अंथरला होता. आबांचं तोंड बघण्यासारखं झालं. आईची मोराची होडी कुठल्या कुठं बुडाली. आणि मी तर वहिनीकडं बघायचंच टाळलं, कारण वहिनीला फसवून आणलं आणि तिला दाखवलं काय, तर कढई! मावशीला मात्र कशातच वावगं दिसत नव्हतं. कृष्णाकाठी नांदलेल्या माणसाला होडी म्हटलं की काहीलच दिसते. “आवं, पुरात निम्मं गाव हिच्यातनं पल्याड जातंय,” ती सांगत होती. “लय भरवशाची हाय.”

वहिनीनं विचारलं, हे कशाला? तेव्हा मग मला सगळं सांगावं लागलं. तुझी वळ्ळम् आईला सांगितली, आईनं ती मावशीला सांगितली, आणि अशी ती इथं आली. वहिनी एकदा माझ्याकडं आणि एकदा काहिलीकडं बघत राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले. आई घाबरून पुढं झाली, तिला वाटलं, पोरीला उमाळा आला. आणि वहिनी हसली. साधंसुधं नाही. पायरीवर बसली, पोट दोन्ही हातांनी धरलं, आणि हसत सुटली. “वळ्ळम्,” म्हणायची, काहिलीकडं बोट करायची, आणि पुन्हा हसायची. “मला गुळाच्या भांड्यात बसवणार?” आधी आबांना हसू फुटलं, मग मावशीच्या नवऱ्याला, त्यांना आम्ही काका म्हणायचो, मग मला. मावशी आधी जरा रुसली, पण शेवटी तीही पदरात तोंड घालून हसायला लागली. एकटी आई तेवढी हसत नव्हती. तिला आता दुसरीच काळजी लागली होती. त्या तव्यासारख्या भांड्यात गरवार पोरीला एकटी सोडायला ती तयार नव्हती. “बसली तर मी बी बसणार,” म्हणाली. आणि जन्मात वाटीभर पाण्यापलीकडं नदीत पाऊल न टाकलेली माझी आई नऊवारीचा काचा घट्ट करून काहिलीत उतरली.

आई, वहिनी आणि मधे ताटं घेऊन मी. काका आणि त्यांचे भाऊ छातीएवढ्या पाण्यात उतरले आणि दोन बाजूंनी काठ धरून काहील लोटायला लागले. दोघांचा जोर सारखा लागेना, त्यामुळं काहील पुढं जायच्या ऐवजी भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरायला लागली. घाटावरनं आबा फौजेच्या आवाजात हुकूम सोडत होते, बायें, दायें, पण काहिलीला कुठली डावी-उजवी? ऊस, झेंडू, घाट, मावशी, पलीकडचा काठ, पुन्हा ऊस, पुन्हा मावशी. आईनं डोळे गच्च मिटले होते, एका हातानं काहिलीची कडी आणि दुसऱ्या हातानं वहिनीचा दंड धरला होता, आणि तोंडानं देवांची नावं घेत होती. वहिनी मात्र माडीवर बसावं तशी ऐसपैस बसली होती. एक हात पाण्यात सोडला होता. इतक्या महिन्यांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. आमच्या घरात ती नेहमी जागा कमी पडल्यासारखी आवरून बसायची.

घाटावर मावशीच्या शेजारणी जमल्या होत्या. बायका जमल्या की जे होतं ते झालं, त्यांनी नावाचा गलका केला. नाव घे, नाव घे, त्याशिवाय काठाला लागू देणार न्हाई. आता ती पाठ केलेली कविता निघणार आणि इथल्या बायकाही ओठ दाबणार. वहिनीनं आईकडं पाहिलं. आई डोळे मिटून तशीच बसलेली. वहिनीचे डोळे मिस्कील झाले, तिनं ओला हात पदराला पुसला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“कृष्णामाईच्या पाण्यात काहील फिरते गरागरा,
संपतरावांचं नाव घेते, आत्याबाई, डोळे उघडा जरा!”

घाटावर जो हशा उठला तो पल्याडच्या गावात ऐकू गेला असेल. काकांनी हसता हसता काहील सोडून दिली आणि पुन्हा पाणी कापत जाऊन धरली. आईनं डोळे उघडले. समोर वहिनी, तिच्या मागं सगळी नदी. “आत्याबाई, पाण्याकडं बघू नका,” वहिनी तिला समजावत होती, “लांब काठाकडं बघा, मग भ्या वाटत न्हाई.” आईनं लांब काठाकडं पाहिलं. तिचा दंडावरचा हात सैल झाला. मग तिनं माझ्या हातातलं ताट घेतलं. मावशीनं नव्या तांदळाचा भात केला होता आणि नदीतल्या माशांचं कालवण, आमच्या पद्धतीचं, तीळ-खोबऱ्याचं. आईनं घास कालवला आणि वहिनीच्या तोंडाशी नेला. वहिनीनं खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला तिनं ताटच आपल्याकडं ओढलं आणि मान खाली घालून, भुकेल्या पोरासारखी, बोटं चाटत जेवली. आई बघत राहिली. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ताट संपल्यावर वहिनी म्हणाली, “आमच्या मीनला ही चव नसती. ही निराळी हाय. अजून वाढा.”

त्या एका जेवणानं वहिनीला भाकरी गोड लागायला लागली, असलं काही झालं नाही. भाकरीशी तिचं जमायला पुढं बराच काळ गेला. पण त्या दिवसापासून ती मागायला लागली. हे नको, ते द्या, तिखट कमी घाला, मला भात पाहिजे. आईला तर तेच हवं होतं, मागणाऱ्या सुनेला वाढण्यात तिला धन्यता होती. मावशीनं तांदळाचं पोतं आमच्याबरोबर धाडलं. थंडी सरता सरता वहिनीला मुलगी झाली, गुटगुटीत, काळ्याभोर जावळाची. तिचं नाव काय ठेवायचं यावर चर्चाच झाली नाही. कृष्णा. आणि ती चालायला लागल्यावर दादा येऊन दोघींना मलबारात घेऊन गेला. मी आठवडाभर जेवले नाही, पण मला कुणी होडीत बसवलं नाही.

मग माझी शाळा, लग्न, सांगलीत संसार, शाळेतली नोकरी. वहिनी सणासुदीला यायची, मी मात्र तिच्याकडं कधी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं निघून गेली. शेवटी केस पांढरे झाल्यावर, निवृत्तीचा निरोप समारंभ उरकल्यावर, एकटीच आगगाडीत बसले आणि गेले. कृष्णा न्यायला आली होती, तीही आता आजी. वहिनीचं घर उतरत्या कौलांचं, घरापुढं पायऱ्या आणि पायऱ्यांना टेकलेलं हिरवं पाणी. सगळं तिनं माळवदावर सांगितल्यासारखंच. पण मी मनात जी पुळा वागवत आले होते तिच्या काठाला इतकी वर्षं माडांच्या शेजारी ऊस उभा होता, तो तिथं नव्हता. आणि समोरनं लांबच लांब काळी वळ्ळम् गेली तेव्हा मी चाटच पडले. लहानपणी मी तिला एसटीएवढी लांब बांधली होती खरी, पण त्या दिवसानंतर ती कधी गोल झाली ते माझं मलाच कळलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघी पायऱ्यांवर पाय सोडून बसलो. वहिनीचे केस विरळ झाले होते, पण खोबरेलाचा वास तोच होता. ती कृष्णाशी मल्याळीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत, आणि आता तिची मराठी अगदी आईसारखी झाली होती, तीच ‘आगं’, तोच ठसका. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी वहिनीला म्हटलं, खेळायचं का पहिल्यासारखं? ती म्हणाली, “इच्यार की.” तिनं डोळे मिटले. समोरनं एक वळ्ळम् चालली होती, तिच्या पाण्याच्या लाटा आमच्या पावलांना लागत होत्या. मी म्हटलं, “होडी.”

वहिनीचे खांदे हलायला लागले. मग सगळं अंगच हलायला लागलं, आणि हसू आवरता आवरेना तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला, जसा तेव्हा आईनं तिचा धरला होता. डोळे मिटलेलेच होते. “आत्याबाई,” ती म्हणाली, “डोळे उघडा जरा.”